शोभेचे

यंदा एतेल्काकडं एकशे सोळा भोपळे झाले.
खायचा एकही नाही.

बिया बार्नबाशनं आणल्या होत्या मार्चमध्ये,
सेगेदच्या बाजारातून. पाकिटावर एवढंच: मिश्र, शोभेचे.
एप्रिलात त्यानं त्या कुंपणालगत खोचल्या,
मेमध्ये तो गेला.
वेलीला कुणी कळवलं नाही.

ती चढली कुंपणावर, खुराड्यावर,
गंजक्या सायकलीच्या आऱ्यांमधून,
आणि जुलैअखेर
दोरीवर ऊन दाखवायला टांगलेल्या
त्याच्या कोटाच्या बाहीत शिरली.
एतेल्कानं बाही कापली.
वेल नाही.

पहिलं हिव पडलं, पानं काळी झाली,
तेव्हा दिसलं केवढं काय लपलं होतं:
चामखिळी आलेले, मानेत वाकलेले,
अर्धे हिरवे अर्धे शेंदरी,
रंगारी जेवायला गेला तो परत आलाच नाही असे,
आणि एक हुबेहूब पाद्रीबाबांच्या नाकासारखा.
तो तिनं पाद्रीबाबांनाच दिला.
त्यांनी निमूट ठेवून घेतला.

मग गावात वाटप.
बसथांब्याच्या बाकावर चार,
दवाखान्यात टोपलीभर,
पोस्टातल्या तराजूवर एक, सातशे ग्रॅम, बिनपत्त्याचा.
माझ्या उंबऱ्यावर तर रोज सकाळी.
आम्ही संध्याकाळी दिवे मालवून बसू लागलो.
फाटक कुरकुरलं की माझा नवरा पुटपुटायचा,
आलं पीक.

गिझेलानं सूप करून पाहिलं.
कडूजहर. पहिलाच घोट थुंकला,
पातेल्यासकट परसात पुरलं म्हणे.
"बघायचे असतात ते," एतेल्का म्हणाली.
"बघून करायचं काय?"
तेव्हापासून दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य,
पण गिझेलाच्या प्रश्नाला
गावात कुणाकडंच उत्तर नव्हतं.

नाताळापर्यंत आमच्या खिडकीतले मऊ पडले,
राखाडी केस फुटले त्यांना. टाकले.
तिनं मात्र उरलेले माळ्यावर नेले,
जुन्या वर्तमानपत्रांवर मांडले, एकमेकांना न चिकटवता,
दर रविवारी व्हिनेगरच्या फडक्यानं पुसून
कूस बदलून दिली.
आजारी माणसाची देतात तशी.
ते तिला येत होतं. हिवाळाभर सराव झाला होता, आदल्या वर्षी.

फेब्रुवारीत मी शिडी धरायला गेले.
बावीस वाचले होते.
हातात घेतला तर वजनच नाही,
कानाशी हलवला तर आत कुणीतरी
खिशातली चिल्लर चाचपतंय.

त्यात एक लांब मानेचा.
पाकिटातला नव्हेच तो.
तळघरात खिळ्याला बार्नबाशचा जुना लोपो लटकतो,
पिंपातून वाइन ओढायचा तुंबा, तारेनं बांधलेला, तडा गेलेला;
त्याच्या बिया त्यानं कधी, कुठं पेरल्या,
तो बोललाच नव्हता.

तिनं करवतीनं टोकं उडवली, गर खरवडला,
मान पिंपात सोडली, वरून ओढलं,
भोकावर अंगठा दाबला
आणि दोन पेल्यांत एक थेंब न सांडता सोडलं.
किंचित कडवट लागली.
तुंब्यामुळं की वाइनच तशी,
दोघींनीही विचारलं नाही.

बिया तिनं पाकिटात भरल्या.
"काय लिहू यावर?"
"काहीही लिही," मी म्हटलं, "फक्त माझ्या कुंपणाला नको."

घरी येऊन कोट काढला,
तर खिसा वाजला.