आकडा सांगून गप्प बसणे

पदार्थविज्ञानात मला एकोणसत्तर टक्के.
फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम पाठ,
अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तिघं काटकोनात,
मधलं बोट म्हणजे विद्युतधारा.
मोटार उघडून मात्र कुणी दाखवली नव्हती.

मरोळ गावठाणात, क्रुसाच्या मागच्या गल्लीत
पास्कू मिरांडा पंपाच्या मोटारी भरतो.
त्याच्या डाव्या हाताचं मधलं बोट
अर्ध्यावरच संपतं.
मी नियम सांगितला तर हसला,
"म्हणजे माझ्यात करंट अर्धाच म्हण की!"

पहिला महिना नुसतं जळकं तांबं उपसायचं.
ते फेकायचं नाही, भंगारवाल्याकडे वजन करताना
काट्याकडे बघायचं, त्याच्या तोंडाकडे नाही.
मग वास.
करपलेल्या गुळासारखा आला तर वार्निश गेलं,
मोटारीनं झेपेना तेवढं ओढलं.
मग कान. लांब पेचकस बेअरिंगच्या डोक्यावर टेकवून
मूठ कानाशी धरायची,
भिंतीला कान लावणाऱ्या शेजारणीसारखी.
आणि उघड्या पत्र्याला आधी हाताची पाठ लावायची.
तळव्यानं धरलंस तर मूठ मिटते,
पुन्हा उघडायचं तुझ्या हातात राहत नाही.

घरी आई पाहुण्यांना सांगायची,
"इलेक्ट्रिकल लाइनीत आहे."
खोटं नव्हतं. फक्त
माझे हात ती टेबलाखाली ठेवायला लावायची.

एका खाचेत सत्तेचाळीस फेरे.
एकोणतिसाव्याला दारातून कुणीतरी विचारणारच,
"आमची झाली का हो?"
आणि आकडा सांडतो. पुन्हा पहिल्यापासून.
तोंडानं गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचं
आणि बोटानं मोजत राहायचं,
हे जमेपर्यंत दिवाळी उजाडली.

तरी ही सगळी सोपी विद्या.

वृंदा सोसायटीचे साडेसात हजार
गणपतीपासून अडकले होते.
"आता तू जा, बाय," पास्कू म्हणाला,
"माझ्या तोंडाची त्यांना सवय झालीय."
मग सोल्डरिंगचा धूर फुंकत शिकवलं:
रविवारी जा, नाश्ता झाल्यावर.
उंबऱ्यावरून बोलू नकोस, आत जा.
चहा नको म्हण. चहा प्यायलेल्या माणसाला
'पुढच्या आठवड्यात बघू' सांगणं सोपं जातं.
गरज आहे म्हणू नकोस,
गरज सांगितली की ते दान होतं.
आकडा सांग आणि गप्प बस.
तिथून पुढे बोलेल तो हरला.

चौथा मजला. सेक्रेटरी उपासनी बनियनमध्ये.
मी आकडा सांगितला.
ते म्हणाले, कमिटी. म्हणाले, चेकवर दोन सह्या लागतात.
म्हणाले, खजिनदार नाशिकला गेलेत.
माझ्या घशापर्यंत आलं होतं,
'बरं, मग नंतर येते.'
आयुष्यभर शिकवलेलं तेच तर होतं,
चांगल्या घरच्या मुलींनी पैशाचं बोलू नये.
मी मांडीवर बोट ठेवलं
आणि फेरे मोजायला लागले.
एक. दोन.
बाराव्याला खाली पंप सुरू झाला,
भिंतीतल्या नळातून पाणी वर चढायला लागलं.
ते त्यांनाही ऐकू गेलं.
मी काही बोलले नाही.
बोलायचं ते मोटार बोलत होती.

एक्केचाळिसाव्याला ते उठले,
आतून पाच हजार आणले.
"हे धर आत्ता."
मी धरले. जिन्यात आल्यावर
नळाला हाताची पाठ लावली,
गार, बारीक थरथरत होता.
माझाही हात.

पास्कूनं नोटा दोनदा मोजल्या.
"किती वेळ गप्प बसलीस?"
"एक्केचाळीस फेरे."
त्यानं अर्धं बोट हवेत नाचवलं,
"खाच सत्तेचाळीसची असते, बाय.
अडीच हजार तिथंच राहिले."