सुरंगीचा ठिपका

मच्छीमार सोसायटीच्या ज्या खोलीत
पूर्वी बर्फ ठेवायचे
तिथे आता आमचं केंद्र आहे.
पाच कॉम्प्युटर, चालू तीन.
भिंतीच्या पोटात अजून लाकडाचा भुसा आहे
आणि दमट दुपारी यंत्रं तापली
की कुठूनतरी बांगड्याचा वास येतो.
नवा माणूस नाक मुरडतो.
आम्हाला ती नेट सुरू झाल्याची खूण वाटते.

केबल खाडीच्या कडेने, माडांमधून आली आहे.
तिच्यावर वांदर झोके घेतात.
तालुक्याला तक्रार करताना
कारणाच्या रकान्यात मी एकदा खरं तेच लिहिलं.
साहेबांनी फोन करून विचारलं, चेष्टा करता का?

खाऱ्या हवेने आधी एंटरची कळ धरली, मग स्पेसबार.
बस्त्यावमाम रोज तिन्हीसांजेला
कुवेतच्या लेकीशी बोलायला येतात.
स्क्रीनवर ती दिसली
की टोपी काढून हातात धरतात,
चर्चमध्ये धरतात तशी.

सत्यवतीकाकी आल्या त्या पेन्शनसाठी.
अंगठा उठेना.
उजवा, डावा, मग एकेक बोट,
काजूच्या चिकाने सगळी सपाट केलेली.
यंत्र म्हणत राहिलं, पुन्हा प्रयत्न करा.
“ह्येका सांग,” काकी म्हणाल्या,
“चाळीस वर्सां तांच करतंय.”

तेवढ्यात सर्व्हर बसला.
वेळ काढायला मी नकाशा उघडून दिला,
आभाळातून दिसणारं गाव.
कोंबडीचं पिल्लू धरावं तसा त्यांनी माऊस धरला
आणि बाण सरकवत नेला
जेटीवरून, देवळामागून,
व्हाळ ओलांडून
आपल्या कौलांपाशी.
शेजारी एक गोल हिरवा ठिपका.

“ह्यां काय गो?”
झाड, मी म्हटलं.
“झाड नाय. सुरंगी ती.”

रस्ता रुंद झाला तेव्हा तोडली.
दोन वर्षं झाली त्याला.
कळ्या उमलायच्या आत, अंधारातच नवरा वर चढायचा,
खाली ह्या, जुनी साडी पसरून;
आठाच्या एसटीने वळेसर वेंगुर्ल्याच्या बाजारात.
भरपाईच्या यादीत आंबा एक, माड दोन.
सुरंगीला रकाना नव्हता.

चित्र जुनं आहे, मी समजावलं,
ते काही रोज बदलत नाही.
काकी बघतच राहिल्या.
मग अगदी हलक्या आवाजात,
जणू कोणी ऐकलं तर पुन्हा कुऱ्हाड येईल:
“म्हणजे वरच्यांका अजून खबर नाय.”

तेव्हापासून दर गुरुवारी येतात.
रजिस्टरात लिहिलंय, संगणक साक्षरता.
नाव टाइप करायला शिकल्या,
‘त्य’ला दोन आठवडे गेले.
निघताना पाच मिनिटं नकाशा.
बोट काचेला लावत नाहीत, हवेतच धरतात.
एकदा म्हणाल्या, मोठां कर. अजून. अजून.
ठिपका चौकोन चौकोन होऊन विस्कटला.
काकी खुर्चीसकट मागे सरल्या.
“नको. होतां तसां कर.”

पेन्शनचं अजून झालेलं नाही.

कधीतरी एका सकाळी
नवं चित्र येईल, काळी सरळ रेघ असलेलं,
आणि ते मलाच आधी दिसेल
ह्या भीतीने मी एक प्रिंट काढून ठेवली.
रंगाची शाई संपलेली,
सुरंगी राखाडी आली.
काकींनी कनवटीचे दोन रुपये मोजून दिले,
कागद उलटसुलट पाहिला,
घडी न घालता माझ्याकडे परत सरकवला.

“हंयच ठेव.
घराकडे रस्तो दिसता.”