वस्तीची गाडी

घयाथीच्या पलीकडे, डांबर संपतं तिथून
एकोणीस किलोमीटर आत
त्यांनी मंगळ बांधलाय.
ताईच्या पत्रिकेतून ज्याने सात स्थळं परत धाडली, तोच.
तीन पांढरे घुमट, मधे रबरी बोगदा,
आणि मागे एक कंटेनर, त्यात मी.
चिलर, कॉम्प्रेसर, रात्रपाळी.

आत सहाजण. आठ महिने बाहेर यायचं नाही,
तेच पाणी गाळून गाळून प्यायचं,
घरचा आवाज वीस मिनिटं उशिरा ऐकायचा.
पेपरात फोटो आले त्यांचे.
इम्तियाज परकारने त्या फोटोवर डबा उघडला,
बोटं चाटत म्हणाला, "आठच?"

आम्ही कॅसेटी भरून धाडायचो.
सतराव्या दिवशी उत्तर यायचं, त्यात अर्धी बाजू
शेजारच्या कोंबड्याची.
पाणी इथेही समुद्र उकळून काढतात,
कोथिंबीर विमानातून उतरते,
आणि जुलैत कॉम्प्रेसर चार तास बसला
तर कळतं, शहर कशावर उभं आहे.

नियम असा, की मी आलो की त्यांनी पडदा ओढायचा.
मंगळावर बाहेर माणूस नसतो.

परवा रात्री दुसऱ्या घुमटाचा पंखा जळाला.
आत एकोणचाळीस, बाहेर त्रेचाळीस.
दीड तास मी पाठीवर पडून
तोंडात टॉर्च धरून.
हवा सुरू झाली तेव्हा
पडदा दोन बोटं वर गेला.
एक डोळा. मी पाना हलवला.
पडदा खाली.
वहीत तिने लिहिलं असेल: वारा होता.

राजापुरातून मुलगा विचारतो,
"बाबा, माणूस तिथे खरंच वस्ती करेल?"

वस्ती म्हटलं की मला एसटी दिसते.
रात्री पावणेनऊला वस्तीची गाडी यायची,
शाळेच्या पटांगणात वळायची,
तोंड रस्त्याकडे करून उभी राहायची.
ड्रायव्हर मागच्या सीटवर पथारी टाकायचा,
कुणीतरी भाकरी-कुळीथ नेऊन द्यायचं,
आणि पहाटे, आम्ही अर्धे झोपेत,
घरघर. गेली.
गावाने तिला कधी परकं म्हटलं नाही.
गावची मात्र ती नव्हती.

एकतीस वर्षं झाली,
दर दोन-तीन वर्षांनी नवा शिक्का,
आणि मी असाच, तोंड रस्त्याकडे करून.

त्याला म्हटलं, जातील रे. राहतीलही.
पाणी होईल, हवा होईल, कुणीतरी पाना घेऊन
बाहेर असेलच.
तू फक्त एवढं विचार त्यांना,
उतरल्यावर पहिल्या रात्री
गाडी कुठे तोंड करून लावणार आहात?

तो म्हणाला, आवाज तुटतोय, बाबा.
पुन्हा सांगा.