ऑगस्टमध्ये सामना नसतो

एप्रिलातला पहिला शुक्रवार, डर्बीचं मैदान.
मी मोजले, एकशे बारा माणसं.
एकशे तेरा, क्लिफर्ड म्हणाला, हिला धरून,
आणि कुत्रीच्या पाठीवरचं घोंगडं सारखं केलं.

वारा असा की बेल्स दोनदा उडाल्या,
तिसऱ्यांदा पंचांनी त्या खिशातच घातल्या.
स्लिपमधले तिघे काखेत हात घालून उभे.
या हवेत कुणाचाही चेंडू स्विंग होतो,
माझ्या बहिणीचासुद्धा, क्लिफर्ड म्हणाला,
तिचे दोन्ही गुडघे बदललेत.

एकोणीस वर्षं आमच्यामध्ये एक खुर्ची रिकामी.
तिच्यावर त्याचा थर्मास, माझी स्कोअरची वही.

यंदाचं वेळापत्रक मी घरी फ्रीजवर लावलंय:
एप्रिल-मे गच्च भरलेले, दात वाजवत बघायचे,
जूनमध्ये एखादा सामना, जुलैत एखादा,
आणि ऑगस्ट कोरा.
पंचांगात क्षयमास येतो म्हणे कधीतरी, पिढीतून एकदा.
आमचा दरवर्षी येतो.
ऐन उन्हाचा, खेळपट्टी फुटायला लागते तेव्हाचा,
फिरकीवाल्याच्या बोटांना जाग येते तेव्हाचा.
तो महिना शहरांच्या नावाचे संघ घेऊन जातात,
शंभर चेंडू, चौकारामागे आगीचे फवारे,
आमची दोन चांगली पोरं तिकडे उसनी.
इथे फक्त माळी असतो, आणि पाण्याचे फवारे.

पण कीरनचंही खोटं नाही.
तो गोदामात पाळ्या करतो. म्हणाला,
तुमच्या मंगळवारी अकराला मी कुठून येणार?
माझी पोर क्रिकेट शिकली ती त्या आगीमुळेच.
त्यावर क्लिफर्डने तिला एक बिस्किट दिलं
आणि विचारलं, लेगबाय म्हणजे काय सांग.
तिने सांगितलं. बरोबर सांगितलं.
तो दिवसभर जरा गप्प होता.

मार्चमध्ये सभासदांना कागद आला होता:
चौदा सामने ठेवावेत की बारा?
क्लिफर्डने चौदावर फुली मारली आणि खाली लिहिलं,
त्यातले चार तरी कोट काढून बघता यावेत.
माझी पेन्सिल अडली.
आमच्या वेगवान गोलंदाजाला मी जिना उतरताना पाहिलंय,
पंचविशीचा मुलगा, कठड्याला धरून, एकेक पायरी.
शेवटी चौदाच म्हटलं. स्वार्थ, दुसरं काय.

जुलैतला सामना अनिर्णित राहणार हे तिसऱ्या दिवशीच कळलं.
चहाच्या वेळी तो उठला.
सप्टेंबरात भेटू, म्हणाला, तोवर पेन्सिल तुझ्याकडे राहू दे.

सप्टेंबरात खुर्च्या दोन रिकाम्या.
लंचला चहावाल्या विनिफ्रेडने सांगितलं,
नऊ ऑगस्टला गेला. जिन्यात.
दोन दिवस कुणाला पत्ता नव्हता,
शेजाऱ्यांना कुत्रीचं ओरडणं ऐकू आलं तेव्हा कळलं.

मी वेळापत्रक उघडून नऊ तारीख पाहिली.
सामना असता
तर पहिल्या तासात मी म्हटलं असतं, कुठे हा?
लंचपर्यंत कुणीतरी फोन केला असता.
पण कुणाला? एकोणीस वर्षांत
त्याची गल्ली कुठली ते मी विचारलं नव्हतं.
त्याची सरासरी विचारली होती,
शाळेच्या संघातली. अकरा पूर्णांक चार.

दुसऱ्या दिवशी एक बाई आली, जिना जपून चढत,
हातात ती कुत्री.
तिला मी गुडघ्यांवरूनच ओळखलं.
ती मधल्या खुर्चीवर बसली, वही मांडीवर घेऊन.
तासभर बघत राहिली. काहीच घडत नव्हतं:
एक निर्धाव षटक, मग आणखी एक.
मग म्हणाली, हे संपतं कधी?
गुरुवारी, मी म्हटलं. ऊन राहिलं तर.

तिने कोटाची बटणं लावली
आणि थर्मासचं झाकण उघडलं.
मी पेन्सिल तिच्याकडे सरकवली.
निर्धाव षटकात सहा टिंबं, तिला दाखवलं,
ती अशी जोडायची.