बावीस कमी

हिंगणा रोडवर, एमआयडीसीच्या टोकाला,
कूलरचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात
मी तीन आठवडे पाइप टाकते आहे.
त्यातून पाणी नाही, ओळी वाहतील.
विक्रीच्या, परतीच्या, थकबाकीच्या ओळी
रात्री दोनला जुन्या सॉफ्टवेअरमधून उचलायच्या
आणि पुण्याच्या वखारीत नेऊन लावायच्या.
वखार म्हणजे वाडीतली पत्र्याची नव्हे,
तिथे हमाल नाही, हूक नाही, उंदीरही नाही.
नुसत्या तारखा, थप्पीवर थप्पी,
सकाळी मालकांना चहासोबत
रंगीत खांब दिसावेत म्हणून.

पहिल्या रात्री सगळं न्यायचं, मुळापासून.
नंतर रोज फक्त बदललेलं.
जे काल होतं तसंच आज आहे
त्याला प्रवास नाही.
हे मी प्रत्येक ठिकाणी समजावून सांगते
आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी
खिडकीबाहेर बघतं.

इथे उमरेडकर बघतात.
स्टोअरचे, डिस्पॅचचे, आणि त्याआधीच्या वह्यांचेही.
मे महिना, सेहेचाळीस डिग्री,
ऑफिसातल्या कूलरचाच पंप बंद.
वाळ्याच्या ताट्यांवर ते दर अर्ध्या तासाने
मगने पाणी मारतात.
कुणी हसलं तर म्हणतात,
"सीझनमंदी आपल्यासाठी पंप उरते कुठं, जी?"

चारशे बारा रकाने. पुण्याला हवेत एकोणचाळीस.
मी लिहीत जाते: हवा, नको, नको, हवा.
'शेरा', साठ अक्षरांचा.
'नको' लिहायच्या आधी सवयीने आत डोकावले.

'माल ओला आला.'
'ट्रक बुटीबोरीला पलटला, ड्रायव्हर ठीक.'
'साहेबांशी बोललो.'
'बोललो नाही.'

आणि ग्राहक क्रमांक ४०११७.
दर एप्रिलमध्ये दोन ओळी,
पंप एक, पंप एक, दर शून्य.
'काटोल नाक्याची शाळा. पैसे मागू नये. ना.'
अकरा वर्षं. तेच शब्द, तेच पूर्णविराम.

"ना. म्हणजे कोण?"
उमरेडकरांनी मग खाली ठेवला.
"नारनवरे साहेब. दोन हजार सतराले गेले.
टिनाचं छप्पर हाये त्या शाळेले."
"मग आता कोण लिहितं?"
ते ताट्यांकडे पाहत राहिले.
"नवी सिस्टीम आली तेव्हा कोड मीच टाकला.
बाकी कॉपी-पेस्ट होऊन राह्यलं."

करारासोबतच्या कागदात, पान नऊ:
'शून्य दराची विक्री: ठरायचं आहे.'
कुणी ठरवायचं, ते लिहिलेलं नव्हतं.

न्यावी, तर वखारीत उजेड फार.
तिथे शून्याला लाल रंग येतो
आणि लाल रंगाची मीटिंग होते.
न न्यावी, तर
माझ्या पाइपाला नऊ वर्षांत गळती नाही
हे मी मुलाखतीत ज्या आवाजात सांगते
तो आवाज मला आठवला.

मी गाळणी लावली.
दर शून्यापेक्षा मोठा असेल तरच.
टाइप करायला चार सेकंद लागले,
त्याआधी पाणी प्यायला उठले होते दोनदा.

पहाटे मोजणी.
इथे आठ लाख चौदा हजार दोनशे सहा.
तिथे आठ लाख चौदा हजार एकशे चौऱ्याऐंशी.
फरकाच्या रकान्यात बावीस.
कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'माहीत आहे.'
खोडलं.
'नियमानुसार' लिहिलं. नियम रात्री साडेअकराचा, माझाच.

सकाळी उमरेडकर आले,
हातातल्या पिशवीतून पोह्यांची तर्री गळत होती.
"जुळलं का जी सगळं?"
"बावीस कमी."
त्यांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं.
"मंग बरोबर हाये," म्हणाले,
आणि कोरड्या ताटीवर
मगभर पाणी मारलं.