हूक

वासनिक साहेबांनी चावी हेमराजच्या हातात दिली.
हेमराजनं ती माझ्या हातात दिली.
तरी साहेब सांगत राहिले त्यालाच,
"एका हाताची गाडी आहे भाऊ,
घर ते हापिस, हापिस ते घर."

मी ओढणी कमरेला गच्च बांधली
आणि गाडीखाली शिरले.

मानकापूर, मे महिना, दुपारचे दोन.
फरशीनं पाठीवर शिक्का मारला.
वर लोखंडाचं पोट,
डिफरन्शियलच्या कडेला काळी माती, थरावर थर,
आणि त्या मातीत रुतलेली
सागाच्या पानाची जाळी, शिरा न् शिरा शाबूत.
कोणत्या हापिसाला जाताना साग लागतो हो?

साहेब हसले. पहिल्यांदाच माझ्याकडे बघून.
"उमरेडच्या खाणीत होतो ना मी, मॅडम.
हापिस म्हणजे खड्डाच आमचं.
रविवारी मग जंगलाकडून परत."

इद्रिसभाई पेचकसाच्या मुठीनं चेसिस वाजवत होते
टरबूज पारखावं तसे.
ठण वाजलं ते लोखंड,
ठप वाजलं ते पुटिंग.
दोन जागी ठप.
ठपचे दहा हजार उतरले.
पानाचेही पाच मागून पाहिले मी,
मिळाले नाहीत.
एसी लावला तर जाळीतून कोळशाची भुकटी उडाली
थेट माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर.
"एवढी फुकट," साहेब म्हणाले.

मग मागच्या हुकावरून हात फिरवत,
"ओढणार काय पण तुम्ही हिनं?"

होडी, मी म्हटलं.

नागपुरात हे बोलून बघा एकदा.
इथून समुद्र कुठल्याही बाजूला सारखाच लांब.
झिरो माइलच्या खांबावर
गावांचे मैल कोरलेत, पाण्याचे नाहीत.

दोन वर्षं पार्किंगमध्ये प्लायवूड, रेझिन, पॉलिश पेपर,
सोसायटीच्या दोन नोटिसा,
आणि भोयरकाकू येता-जाता,
"झालं का वं तुझं टेबल?"
साडेबारा फुटांचं टेबल.

साहेब बराच वेळ गप्प.
"चार हजार अजून कमी द्या," म्हणाले,
"पण पाण्यातला एक फोटो धाडा."

*

खिंडसीचं पाणी उतरलेलं.
काठापासून शंभर पावलं चिखल,
वरून पापड, खालून लोणी.
लिव्हर फोर-लोमध्ये ओढला.
गाडी कण्हली,
आणि इतक्या सावकाश निघाली
की हेमराज शेजारून चालत
पुढे निघून गेला.

रिव्हर्स मात्र मला कुणी शिकवला नव्हता.
स्टेअरिंग डावीकडे, तर ट्रेलर उजवीकडे.
तीनदा होडी काटकोनात येऊन
खिडकीतून माझ्याकडे बघू लागली.

जाळं उकलत बसलेला म्हातारा ढीवर उठून आला.
"ट्राली चालवली नाही वाटते बाई कधी.
खालून धर स्टेरिंग.
जिकडं हात, तिकडं ट्राली."

खालून धरलं.

आधी ट्रेलरची चाकं बुडाली, मग गाडीची मागची,
मग सायलेन्सर बुडबुडला,
आणि एका क्षणी वजन गेलं.
आरशात काहीच बदललं नव्हतं,
तळहातांनाच कळलं.

होडीच्या बुडाशी डावीकडून पाणी येत होतं, थोडंसं.
हेमराज ओरडत होता, दोरी सोड, आधी दोरी सोड!
मी गुडघाभर पाण्यात उभी, फोटो काढत.

हूक पाण्याखाली.
फोटोत होडी आहे, म्हाताऱ्याचा अर्धा खांदा आहे,
आणि पाण्यातून निघालेली एक ताठ दोरी.

दोन मिनिटांत उमरेडवाल्यांचं उत्तर आलं,
"छान. गाडी दिसत नाही पण."