ठिगळब्रह्मांड, भाग एकशे अठरा

द्वारकेच्या अलीकडे, झेरॉक्सच्या दुकानात
मी विश्व बनवते. उरलेल्या कागदांचं.
दिवसभर लोकांचे सातबारे, दाखले, रेशनकार्डं काढून झाली
की शटर अर्धं खाली ओढते
आणि तुकडे स्टेपल करत बसते:
लग्नपत्रिकांच्या पाठी, आलेखवहीची पानं,
कुणीतरी विसरून गेलेला कार्बन.
दोन कागद जुळतात तिथे शिवण येते, शिवणीत पिना.
माझ्या माणसांना विश्व ओलांडताना
दर वेळी थोडं खरचटतं.

माणसं तीन. चौथं आहे,
पण ते मोजायला थांबत नाही.

कॅप्टन इंदुमती घंटे, दिशाज्ञान शून्य.
जेवते तो हात उजवा, एवढंच पाठ,
म्हणून प्रत्येक वळणावर तिला आधी काहीतरी खावं लागतं.

भिकाजी तांबटने रंगपंचमीला
तिवंध्याच्या रहाडीत धप्पा मारला
आणि डोकं वर काढलं ते इकडे.
अजून केशरी आहे. साबण तेरा झाले.
घरी सांगून आलेला नाही, त्यामुळे लढाईच्या मध्येच विचारतो,
"जेवायला पोचू ना?"

आणि नापास. अंबडच्या कारखान्यातला लोखंडी दांडा,
केसाएवढा जाड निघाला, कुठल्याच साच्यात बसेना.
कपाळावर लाल शिक्का, तेच नाव पडलं.
बोलतो कमी, मोजतो जास्त.
एकदा सूर्य मोजला. म्हणाला,
"चालेल. जरा घासावा लागेल."

पत्रिकेच्या देशात कुणी साधं "थांब" म्हणत नाही.
पहारेकऱ्याने भाला रोखला आणि सुरू झाला:
"आमचे येथे श्रीकृपेकरून
आपणां सर्वांस अटक करण्याचे योजिले आहे,
तरी सहकुटुंब सहपरिवार येऊन"
तेवढ्यात कुठूनसं एक टिंब आलं
आणि त्याच्या वाक्यापुढे बसलं.
संपलं वाक्य. सुटले सगळे.
'चि. सौ. कां.' मधून ऐन मुहूर्तावर पळालेलं टिंब ते.
लग्न म्हटलं की अजून थरथरतं.

आलेखवहीत फक्त काटकोनात वळता येतं.
तिथे गोदावरी मनासारखी वळली, दंड झाला.

कार्बनच्या देशात सगळं दोनदा घडतं,
दुसऱ्यांदा जरा निळं, जरा अंधूक.
भिकाजीला तिथे घरची हाक ऐकू आली. दुसऱ्यांदाची.
पहिली कुठल्या कागदावर राहिली
ते मलाही सापडलेलं नाही.
त्या भागाला कुणी हसलं नाही.
काढायला नको होता. काढला.

खलनायक इस्त्रीवाला. त्याला शिवण खपत नाही.
सगळं विश्व पाणी शिंपडून, दाबून
एकच पांढरा तक्ता करायचा म्हणतो.
(आमच्या सोसायटीच्या चेअरमनवरून घेतलाय.
त्यांनी वाचलं, म्हणाले, "असे लोक असतात हो.")
मागच्या मंगळवारी तो हरला.
लढाई वगैरे नाही, मी मिसळ खात खात काढत होते,
तर्री सांडली.
तेलाच्या डागावर इस्त्री फिरवली
की डाग पलीकडच्या विश्वात उमटतो,
तिथून त्याच्याही पलीकडच्या.
बिचारा अजून दाबतोय.
कॅप्टन म्हणाली, "ही माझी योजना होती."
नापास म्हणाला, "नव्हती."

नोटप्रेसच्या रात्रपाळीला जाताना
कारभारी आहेर शटरखालून वाकतात:
"ताई, मग पुढं काय?"
मला काय ठाऊक!
म्हणून आज दुतोंड्या मारुती आणला.
एक तोंड मागच्या चौकटीकडे, एक पुढच्या.
कथा असेल तर त्यालाच माहीत असणार.
पूर चढलेला, चौघं त्याच्या खांद्यावर,
टिंब कानात.
"देवा, पुढे काय दिसतं?"
मागचं तोंड हसू दाबत होतं, त्याने सगळं वाचलेलं.
पुढचं तोंड बराच वेळ बघत राहिलं.
"कोरं आहे," म्हणालं.
"बाई शटर लावून घरी गेल्या वाटतं."

गेले नव्हते.
पिना संपल्या होत्या.